नारिंगी बाणाचा धोंडा

सलीमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि नांदेडच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात बैठक सुरू होती. मी उचलला नाही. तो पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा. सलीम कंधारला शाळेत खेळ शिकवतो आणि शाळेच्या वेळात तो कुणालाही फोन करत नाही. बाहेर येऊन उचलला. "अप्पा गेला," तो म्हणाला. सवयीनं मी विचारत गेलो… कुठं, किती वाजता, जवळ कोण होतं. त्यानं तिन्ही सांगितलं. उदगीरला, दुकानात, दहाच्या सुमारास. मन्मथअप्पा बारदानाच्या गठ्ठ्यावर बसले होते, समोर धाकटा भाऊ होता. अप्पांनी पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत मान कलली होती. वय एकसष्ट. मी ते सगळं हातातल्या कागदावर लिहून घेतलं. नंतर पाहिलं तर वेळ होती, ठिकाण होतं, नाव लिहायचं राहून गेलं होतं.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत उदगीरबाहेरच्या त्यांच्या शेतात लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना समाधीत बसवलं गेलं. डाव्या तळहातावर, जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग ठेवलं, त्यावर बेलाचं पान. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, अप्पांच्या घरात गळ्यातल्या त्या लिंगाशिवाय दुसऱ्या कोणत्याही दगडाला हात जोडत नसत. घरातल्या बायका माहूरला गेल्या तरी अप्पा गडाच्या पायथ्याशी चहा पीत थांबत. "आमचा देव आमच्यासंगं फिरतोय, त्याच्याकडं जावं लागत न्हाई," असं ते म्हणत. पुढं जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीशिवाय नीट कळणार नाही.

अप्पांचा धंदा बारदानाचा. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तूर, हरभरा, सोयाबीन ज्या पोत्यांतून जातं ती नवी-जुनी पोती, सुतळी आणि ताडपत्री. त्रेचाळीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनी कोणताही खेळ खेळला नव्हता. एकदा देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीजवळ, एका तांदळाच्या गिरणीला पोती पोचवायला निघाले असताना टेम्पोचं चाक फुटलं. लातूर जिल्ह्यातला आमचा दगड काळा आणि थरांचा. देगलूर सोडलं की मात्र जमीन बदलते आणि माळावर घराएवढे गोल, करड्या-गुलाबी रंगाचे ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागतात. अशाच एका माळावर हैदराबादचे दोन विद्यार्थी दोराशिवाय धोंडा चढत होते. खाली गादी अंथरलेली, एक चढतोय, दुसरा खाली हात पसरून उभा. चाक बदलायला अर्धा तास लागला. अप्पा चार तास थांबले. शेवटी चपला काढून त्यांनी स्वतः हात लावला, दोन फूट वर गेले आणि पाठीवर पडले. "पडल्यावर कळालं," ते नंतर सांगत, "की आपुन आजवर नुसते बसून होतो."

या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. दोर नाही, खिळे नाहीत. माणसाच्या दोन-तीन पट उंचीचा धोंडा, हात, पाय आणि खाली गादी. गाद्या परदेशातून येतात हे अप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दुहेरी बारदान घेतलं, उदगीरच्या पिंजाऱ्याकडून त्यात कापूस ठासून घेतला, सुतळीनं टाके मारले आणि उचलायला ताडपत्रीचे दोन पट्टे लावले. हाताला घाम येऊ नये म्हणून पांढरी पूड लागते. त्यांच्यासोबत चढणारा सलीम शाळेतले खडूचे तुकडे कुटून आणायचा. मी त्या माळावर गेलो तो बातमीसाठी, 'बारदानवाल्याचा आगळा छंद' अशा मथळ्याच्या. बातमी छापून आली आणि त्यानंतर अठरा वर्षं बहुतेक रविवारी मी तिथं जात राहिलो. मी फारसा चढत नसे. माझं काम खाली उभं राहायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्या माळावर एक प्रकार घडला. बाहेरगावचा एक तरुण चढताना एका लहान दगडावर बूट ठेवून वर गेला. तो दगड म्हसोबा होता, शेंदूर लावलेला. संध्याकाळपर्यंत वस्तीतली माणसं जमली आणि माळ बंद झाला. दुसऱ्या दिवशी अप्पा एकटेच तिथं गेले असते, पण सलीमनं त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. आम्ही तिघं गेलो. म्हसोबाची देखरेख नरसाबाई नावाच्या एका म्हातारीकडं होती. ती शेळ्यांना पाला घालत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

अप्पा म्हणाले, "बाई, चूक झाली. पोरगं आमचं नव्हतं, पन आमच्यामुळं आलं."

"तू देवाला मानतूस का?" तिनं विचारलं.

अप्पांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी दाखवली. "माझा ह्यो हाय. तुझ्या देवाला मी हात जोडनार न्हाई. खोटं कामून बोलू?"

आता सगळं संपलं असं मला वाटलं. म्हातारी मात्र पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहू लागली. म्हणाली, "हात जोडू नगंस. पाय ठिवू नगंस. सबूद दे."

"दिला. हितं कुनाचाबी पाय लागनार न्हाई."

"हितलं म्या बघते. तुझं सांग. हितं पाळशील आन् दुसरीकडं शेंदरावर पाय दिशील, मंग त्यो कसला सबूद?"

अप्पा म्हणाले, "कुठंबी न्हाई देनार."

दुसऱ्या रविवारी माळ उघडला. आम्ही म्हसोबाभोवती चुन्याची रेघ मारली आणि ती गोष्ट माझ्यापुरती तिथं संपली.

तीन वर्षांनी आम्ही युरोपात गेलो. सलीमची मुलगी सना जर्मनीत नोकरी करते. ती म्हणाली, तिकिटं तुमची, गाडी माझी. अप्पांनी कित्येक वर्षं मोबाइलवर दोन जागा पाहिल्या होत्या. एक, पॅरिसच्या दक्षिणेचं फोंतेनब्लोचं जंगल, जिथं हा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे. दुसरी, स्वित्झर्लंडमधली एक दरी, जिथला दगड ग्रॅनाइट आहे. जंगल अप्पांना हवं होतं, दरी सलीमला. गाडी फ्रँकफर्टहून निघणार, दोन दिवस जंगल, एक दिवस रस्ता, एक दिवस दरी आणि परत, असं ठरलं.

सना गाडी चालवत होती, सलीम शेजारी, मागं आम्ही दोघं आणि आमच्या मध्ये ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत की बोलणं सोडून काही करण्यासारखं नव्हतं. दोनशे किलोमीटर झाल्यावर अप्पा म्हणाले, "सना, ह्या देशात म्हशी न्हाईत का गं? एकबी आडवी आली न्हाई."

"काका, आडवी आली तर तिलाच दंड होईल."

"मंग बरोबर. तुझ्या अब्बाला हितंच ठिवू. शाळेत त्यो सगळ्याला आडवा जातो."

"अप्पा, चुप बैठ," सलीम म्हणाला. "दरी आली की बघ कोन आडवा होतंय."

जंगलात पोचलो ते सकाळी. उंच झाडं, खाली पांढरी वाळू, आणि त्या वाळूत विखुरलेले राखाडी धोंडे, पाहावं तिकडं. अप्पा गाडीतून उतरले आणि उभे राहिले. मग पुढं गेले. पहिल्या धोंड्याशी पोचताच त्यांनी वाकून बूट काढले आणि आजूबाजूच्या पाल्यात काहीतरी शोधू लागले.

"काय हरवलं, काका?" सनानं विचारलं.

"नारळ हितं कुठं फोडतेत ते बघून राहिलो."

धोंड्यावर शेंदरी रंगाचा एक ठिपका होता, खाली आकडा आणि एक बाण. सना हसत सुटली. मग तिनं समजावलं, की या जंगलात धोंड्यांच्या वाटा आखलेल्या आहेत. सोप्या वाटेला एक रंग, अवघडला दुसरा. नारिंगी म्हणजे बेताच्या, आपल्याला जमतील अशा. बाण दाखवतो तिकडून चढायचं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बूट घातले. त्या दिवशी ते सहा धोंडे चढले. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, पोटाचा घेर जरा सुटलेला, आणि दगडाला लागला की त्याचं वजन कुठं जातं ते कळत नसे. दर वेळी ते रंगाला पाय न लावता जात होते हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण तिथं टाळणं सोपं होतं.

सातव्या धोंड्यावर ते लक्षात आलं. उंची बारा फूट असेल. उजव्या अंगाला कडेवर हात घालायचा, डावा पाय कमरेच्या उंचीवरच्या एका खोबणीत रोवायचा आणि उभं राहायचं, की वरची कड हाताला येते. दहा वर्षांचं पोरही चढून गेलं असतं. पण रंगवणाऱ्यानं बाण काढला होता तो नेमका त्या खोबणीत. अप्पांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि खोबण सोडून बाजूच्या गुळगुळीत दगडावर बूट टेकवला. घसरले. पुन्हा. पुन्हा घसरले.

"अप्पा, पाय खोबणीत दे ना," सलीम ओरडला.

"शेंदूर हाय."

"पेंट हाय रे, ऑइल पेंट. डब्यातला."

"बाईला सबूद देताना शेंदूर कोनत्या डब्यातला ते मी इचारलं न्हाई."

सलीम माझ्याकडं वळला, मी काही बोलावं म्हणून. मी म्हणालो, "अप्पा, इथं कोण बघतंय?"

"तू बघ की. पेपरवाला हायस. माझ्या पायाकडं नजर ठेव आन् लागला तर सांग."

शेजारी एक वयस्क फ्रेंच गृहस्थ चढत होते. प्रत्येक वेळी दगडाला लागण्याआधी ते सतरंजीच्या लहान तुकड्यावर बुटांचे तळवे पुसत. वाळूचे कण राहिले तर दगड झिजतो, म्हणून तिथले जुने लोक असं करतात. अप्पांनी ते पाहिलं आणि सलीमला कोपरानं ढोसलं. "बघ. पाय पुसून चढतेत. आन् तू मला पेंट शिकवतूस." त्या गृहस्थांनी सनाला विचारलं, हे खोबण का सोडतायत? सनानं सांगितलं. किती सांगितलं ठाऊक नाही, पण ते बराच वेळ ऐकत होते. मग आले, आपला सतरंजीचा तुकडा अप्पांच्या पायाशी ठेवला, आणि खोबणीत पाय न देता स्वतः चढून पाहिलं. घसरून गादीवर बसले. सना म्हणाली, ते सांगतायत की तरुणपणापासून या वाटेनं चढतोय, आणि आज पहिल्यांदा कळलं की हिच्यात एक दुसरी वाट आहे.

पहिल्या दिवशी सतरा प्रयत्न झाले. दुसऱ्या दिवशी एकवीस. मी वहीत रेघा ओढत होतो. अप्पांच्या बोटांची टोकं सोलली होती, त्यावर ते चिकटपट्टी गुंडाळत आणि ती रक्तानं सुटली की नवी. त्यांनी त्या धोंड्याचा असा अभ्यास केला की मी इतक्या वर्षांत कुणाला करताना पाहिला नव्हता. तळवा फिरवून, डोळे मिटून, दाण्यादाण्यानं. शब्द दिला तेव्हा समोर एक म्हातारी होती आणि शेळ्या होत्या. आता ती हजारो मैलांवर होती आणि तिला फ्रान्स नावाचा देश आहे हेही ठाऊक नसावं. त्या खोबणीत पाय ठेवला असता तर काम दहा सेकंदांचं होतं. ते मला दिसत होतं, सलीमला दिसत होतं, अप्पांनाही दिसत होतं. मी आयुष्यभर लोकांनी दिलेले शब्द छापत आलो आहे, आणि ते पुढं कुठं जातात तेही. इतक्या जवळून मात्र मी एखादा शब्द पाळला जाताना पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलीम चिडला. दरीकडं निघायची वेळ झाली होती. अप्पा म्हणाले, "तुमी जावा. मी हितं थांबतो. येताना घेऊन जा."

"तुला सोडून? तुला पाव मागता येत न्हाई हितं."

"मंग भाकरी ठिवून जा."

सलीम गाडीशी गेला, दार उघडलं, बंद केलं, आणि परत येऊन गादी उलटी करून झटकली. "उद्या एक दिवस," तो म्हणाला. सना खाली पाहत होती. एक दिवस थांबलं की दरी राहणार, हे चौघांनाही कळत होतं. सलीमनं त्या दरीचा नकाशा घडी करून पाकिटात ठेवलेला मी नांदेडपासून पाहत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, आठव्या प्रयत्नाला, अप्पा उजव्या कडेला दोन्ही हातांनी लोंबले. पाय गुळगुळीत दगडावर इतके खाली ठेवले की शरीर जवळजवळ आडवं झालं. मग त्यांनी डावा पाय उचलला, खोबणीच्या वरून, बाणाच्या वरून, थेट छातीच्या उंचीवर नेला आणि टाच कडेवर अडकवली. साठीला आलेल्या दुकानदाराची टाच. सलीमचे पसरलेले हात तसेच राहिले. अप्पांनी टाचेवर सगळं अंग ओढून घेतलं, हळूहळू, एखादं भरलेलं पोतं पाठीवर घेताना माणूस घेतो तसं, आणि ते वर होते.  ते फ्रेंच गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते.

वर गेल्यावर अप्पांनी हात उंचावला नाही. पाठ करून बसले… चांगली दहा मिनिटं. सलीम म्हणाला, "अब तो हंस, अप्पा." ते हसले नाहीत. उतरले आणि म्हणाले, "चला." परतीच्या रस्त्यावर त्यांनी सलीमला दोनदा विचारलं, दरी लांबून तरी दिसंल का? दिसणार नव्हती.

घरी आल्यावर मी पुरवणीत लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'शेहेचाळीस प्रयत्नांत एकदाही त्या नारिंगी बाणाला अप्पांचा पाय लागला नाही.' मी नजर हलवली नव्हती, म्हणून ते वाक्य खात्रीनं लिहिलं. लातूरला एका कार्यक्रमात ते वाचून दाखवून त्यांना शाल दिली गेली. अप्पांनी ती घेतली आणि बोलायला उभे राहिलेच नाहीत. लेखाचं कात्रण मी पाठवलं होतं, त्यावर ते मला काही बोलले नाहीत. त्यांना संकोच वाटतो असं मी समजलो.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी सलीम आणि मी माळावर गेलो. नरसाबाईला सांगणं आमचं काम होतं. ती आता काठीनं चालते. आम्ही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "अमुश्याला आला न्हाई तवाच कळालं."

"कोणत्या अमावस्येला?" मी विचारलं.

"दर अमुश्याला येत हुता की. दोन-अडीच वरीस."

आम्हाला ठाऊक नव्हतं. घरच्यांना वाटत असे की ते चढायला जातात. नरसाबाई म्हसोबाशेजारी बसली आणि तिनं सांगितलं. अप्पा विमानातून उतरून उदगीरला पोचले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडं आले. म्हणाले, बाई, लांबच्या मुलखात दगडावर रंग हुता, त्याला माझी टाच लागली. वर जाताना, शेवटच्या खेपेला. घासून गेली. कुनी बघितलं न्हाई. तिनं विचारलं, मंग सांगतूस कशाला? तर ते म्हणाले, बघनारा होता त्याच्याबी ध्येनात आलं न्हाई, म्हनून सांगाय आलो.

"दोस्तांना का सांगितलं नाही?" सलीमनं विचारलं. 

"इचारलं की म्या. म्हनला, त्यांनी माझ्यापायी त्यांची जागा सोडली. कळालं असतं तर आनखी थांबले असते, न्हाईतर सोडल्याचं दुख झालं असतं. मंग म्या म्हनले, पायानं लागलं तर हातानं फेड. दर अमुश्याला शेंदूर तू लाव."

"आणि ते लावायचे?"

"लावायचा, हात पुसायचा, गाडीला लाथ मारायचा, जायचा. हात कधी जोडला न्हाई. म्याबी म्हनले न्हाई. त्याचा देव त्याच्या गळ्यात हुता."

 सलीम माळाकडं पाहत म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी चौथा दिवस थांबलो असतो."

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. ही जवळजवळ तीन वर्षं उशिरा छापतो आहे. अप्पांचा पाय त्या बाणाला लागला होता. एकदा, डावी टाच, शेहेचाळिसाव्या प्रयत्नात. हे ज्यांनी मला सांगायचं टाळलं त्यांनी ते एका बाईला सांगितलं, आणि माझ्या लेखातलं माझ्या मते सगळ्यात पक्कं वाक्य तेच चुकीचं होतं.

म्हसोबा गुडघ्याएवढा आहे. नरसाबाईनं मागच्या दोन अमावस्यांना शेंदूर लावला तो पाठीमागून आणि कडेनं. समोरची बाजू तिनं तशीच ठेवली आहे. तिथं तेलात घट्ट झालेल्या थरावर वरून खाली ओढलेल्या चार बोटांच्या ओळी आहेत. पोतं ओढायचा लोखंडी आकडा लागून अप्पांचं उजवं मधलं बोट कधीकाळी वाकडं झालं होतं, म्हणून दुसरी ओळ मध्येच तिरपी होते आणि खाली जाऊन पुन्हा सरळ येते. सलीमनं वाकून पाहिलं, हात लावला नाही. ऊन चढलं तसा थर थोडा चमकू लागला. म्हातारीनं पदराचं टोक धरून त्या ओळींवर सावली केली.